शांततेचं सिव्हिल इंजिनिअरिंग

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फाचे डोंगर, हिरवीगार कुरणं आणि त्या कडाक्याच्या थंडीत शिफॉनची साडी नेसून नाचणारी हिरॉईन! यात आपला काही दोष नाही. यश चोप्रांनी हा देश आपल्याला पडद्यावर इतक्या वेळा दाखवला की २०१६ साली इंटरलाकेन गावात चक्क त्यांचा पुतळा बसवण्यात आला. त्यामुळे २०२४ च्या जून-जुलैमध्ये मला झुरिकजवळच्या एका प्रयोगशाळेत आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा हॉस्टेलवरच्या यच्चयावत मित्रांनी एकच प्रश्न विचारला, "काय रे, ‘डीडीएलजे’चं शूटिंग झालं तिथे जाणार ना?"

तिथे काही जाणं झालं नाही. मी बघितले ते रस्ते! सिव्हिलच्या पोराला परदेशात पाठवलं तरी तो रस्तेच मोजत बसणार, असं आमच्या विंगमधले मेकॅनिकलवाले म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण हे रस्ते बघण्यासारखेच होते. तळ्यांच्या काठाकाठाने, डोंगरातल्या छोट्या गावांमधून जाणारे आणि मुख्य म्हणजे शांत. इतके शांत, की मागून येणाऱ्या सायकलच्या चेनचा आवाज आधी कानावर पडावा आणि सायकलवाला नंतर दिसावा. तिथली तळी किती निळी आणि डोंगर किती उंच, ते फोटोत दिसतंच. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे ही शांतता. ती तिथे आली कुठून, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? डोंगराळ भाग, माणसं कमी, म्हणून शांतता. पण मित्रांनो, आल्प्स म्हणजे काही निर्जन प्रदेश नव्हे. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला इटली आणि मधे ही भिंत. उत्तरेचा माल दक्षिणेला जायचा तर तो याच खिंडींमधून आणि बोगद्यांमधून जातो. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धा युरोप आपापल्या गाड्या घेऊन इकडेच लोटतो. म्हणजे गर्दी व्हायला कारणं भरपूर आहेत. तरीही सायकलवाल्याला दिवसभर शांत रस्ता मिळतो. याचा अर्थ कुणीतरी बसून तो विचार केलेला आहे.

आधी सायकलबद्दल. बाहेर एक वेळ जेवायला जितके पैसे लागतात, तितक्यात आपल्या मेसचं महिन्याचं बिल जवळपास भागेल, अशी तिथली महागाई. नवीन सायकल घेणं शक्यच नव्हतं. पण तिथे गावोगाव जुन्या सायकलींचे बाजार भरतात. तशा एका बाजारात १४० फ्रँकला मला एक निळी, एकवीस गिअरची, हँडलला गंज चढलेली सायकल मिळाली. शनिवारी पहाटे सायकल ट्रेनमध्ये चढवायची (तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं!), डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं आणि रविवारी रात्री परत. पाठीवरच्या सॅकमध्ये ब्रेड, चीज, केळी आणि आईने दिलेला चिवडा. पाण्याचा खर्च शून्य. कारण प्रत्येक गावात लाकडी किंवा दगडी हौदात अखंड पडणारी पाण्याची धार असते आणि ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी पाटी नसेल तर ते खुशाल प्यावं.

रस्ता शोधायला नकाशाचीही फारशी गरज पडत नाही. सायकलवाल्यांसाठी वेगळ्या लाल पाट्या असतात. १९९८ मध्ये या देशाने नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग एकदम सुरू केले. आपल्याकडे हायवेला नंबर असतात तसे त्यांना १ ते ९ असे नंबर आहेत. त्यातला ९ नंबरचा मार्ग ‘तळ्यांचा मार्ग’ म्हणून ओळखला जातो. पश्चिमेकडच्या मोंत्रोपासून पूर्वेकडच्या रोरशाखपर्यंत तो सुमारे पाचशे किलोमीटर एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जातो. यासाठी नवे रस्ते फारसे बांधावे लागले नाहीत. शेतावर जाणारे, जंगलखात्याचे, नदीच्या बांधावरचे असे जे छोटे रस्ते आधीच होते, तेच पाट्या लावून एकमेकांना जोडले. आपल्या सर्व्हेच्या भाषेत सांगायचं तर नवीन अलाइनमेंट कमी आणि जोडकाम जास्त!

आता मी फिरलो त्यातल्या चार रस्त्यांबद्दल सांगतो. चारही शांत, पण प्रत्येकाची शांत होण्याची रीत वेगळी.

पहिला रस्ता ब्रिएन्झ तळ्याचा. समुद्रसपाटीपासून ५६४ मीटरवरचं हे तळं, खोली सुमारे २६० मीटर. त्याचा रंग बघून पहिल्यांदा वाटतं की कुणीतरी यात मोरचूद कालवलाय. खरं कारण असं, की वरच्या हिमनद्या खडक घासत खाली सरकतात. त्या घासण्याने दगडाचं पिठासारखं बारीक चूर्ण होतं आणि आरे व ल्युत्शिने या नद्या ते तळ्यात आणून टाकतात. कण इतके बारीक की लवकर तळाशी बसत नाहीत. त्यांच्यावरून प्रकाश विखुरला की तो निळसर हिरवा रंग दिसतो. (जिओटेकच्या सरांना सांगायला हवं, सेडिमेंटेशनचं यापेक्षा सुंदर प्रॅक्टिकल मिळणार नाही!)

या तळ्याच्या उत्तर काठाने रेल्वे आणि जुना मोटाररस्ता आहे. दक्षिण काठाला मोटारवे आहे, पण तो काठाच्या बराच वरून आणि बराचसा बोगद्यांतून जातो. म्हणजे शेकडो गाड्या तुमच्या डोक्यावरून डोंगराच्या पोटातून पळत असतात आणि खाली काठावर तुम्ही पक्ष्यांचे आवाज ऐकत पॅडल मारत असता. इंटरलाकेनहून निघालं की बोनिगेन लागतं, मग इसेल्टवाल्ड. इसेल्टवाल्डपर्यंत गाड्या येतात. पुढे त्यांना वाट नाही, फक्त चालणारे आणि सायकलवाले. कुठे डांबर, कुठे बारीक खडी, कुठे झाडांच्या मुळांवरून उड्या. आणि मग एक दमवणारा चढ संपता संपता गीसबाखचा धबधबा, चौदा टप्प्यांत खाली तळ्यात उतरणारा.

इथे एक गोष्ट आवर्जून बघावी. तळ्याच्या धक्क्यापासून धबधब्याजवळच्या हॉटेलपर्यंत १८७९ साली बांधलेली दोरावरची छोटी रेल्वे आहे. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. पण रूळ एकच! मग दोघे एकमेकांना ओलांडतात कसे? कार्ल रोमन आब्ट या इंजिनिअरने मधोमध एक फाटा असा बसवला की त्यात एकही हलता भाग नाही. चाकांची रचनाच अशी, की एक डबा नेहमी डावीकडे वळतो आणि दुसरा नेहमी उजवीकडे. तिथे मी अर्धा तास नुसता तो फाटाच बघत उभा होतो. बाकीचे पर्यटक धबधब्याचे फोटो काढत होते. वरचं ते जुनं हॉटेल पाडायचं घाटत होतं. तेव्हा फ्रान्झ वेबर नावाच्या पर्यावरणवाद्याने मोहीम काढली, १९८३ मध्ये ते एका प्रतिष्ठानतर्फे विकत घेतलं आणि वाचवलं.

इसेल्टवाल्डची मात्र एक गंमत आहे, खरं तर करुण गंमत. जेमतेम चारशे वस्तीचं हे गाव. तिथल्या लाकडी धक्क्यावर एका कोरियन मालिकेतला प्रसंग चित्रित झाला. मालिका २०१९-२० मध्ये गाजली आणि मग त्या धक्क्यावर उभं राहून फोटो काढायला जगभरातून लोक बसने येऊ लागले. शेवटी २०२३ मध्ये ग्रामपंचायतीने धक्क्यावर फिरतं फाटक बसवलं, माणशी पाच फ्रँक! म्हणजे ज्या गावाच्या डोक्यावरून सगळा मोटारवे गेला तरी शांतता टिकली, तिथली शांतता एका सीनने घालवली. आपल्या शूटिंगवाल्या प्रश्नाची मला तिथे फार आठवण झाली.

दुसरा रस्ता ग्रोस शाइडेग खिंडीचा. हा चढाईचा बाप! मायरिंगेन गाव सुमारे ६०० मीटरवर आणि खिंड १९६२ मीटरवर. सोळा-सतरा किलोमीटरमध्ये साडेतेराशे मीटरच्या वर चढ. सुरुवातीलाच रायखेनबाखचा धबधबा लागतो. शेरलॉक होम्स आणि प्रोफेसर मॉरिआर्टी यांची झटापट कॉनन डॉयलने इथेच घडवली. पहिला तीव्र चढ चढताना मला वाटलं, होम्स इथे पडला नसेल, दमून बसला असेल.

चढता चढता मी मनातल्या मनात गणित केलं. मी, सायकल आणि सॅक मिळून ८५ किलो. गुणिले ९.८१, गुणिले १३६०. आली साधारण साडेअकरा लाख ज्यूल ऊर्जा. तीन तासांत चढलो तर पॉवर सुमारे १०५ वॅट. म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या शंभरच्या बल्बपेक्षा थोडी जास्त! शरीराची कार्यक्षमता पाव धरली तर त्यासाठी अकराशे कॅलरी हव्यात, म्हणजे मेसच्या अकरा पोळ्या. मला तीन तास पस्तीस मिनिटं लागली. मेसची पोळी असती तर कदाचित वेळेत पोचलो असतो.

रोझेनलाउई मागे पडलं, मग श्वार्झवाल्डआल्प आलं. इथून पुढे खिंड ओलांडून ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला उतरेपर्यंत खासगी मोटारींना बंदी आहे. परवाना असलेले स्थानिक सोडले तर या रस्त्यावर फक्त एक वाहन येतं, पोस्टाची पिवळी बस. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा हॉर्न वाजवते. हे सूर रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरामधून घेतलेले आहेत. वळणामागून तो ‘टॅ-टू-टा’ आला की आपण गुपचूप कडेला व्हायचं, बस सावकाश पुढे जाते, ड्रायव्हर हात करतो आणि पुन्हा शांतता. राहतात त्या फक्त गायींच्या घंटा. निळ्या पाटीवर पिवळं पोस्टाचं शिंग काढलेलं असतं. अशा डोंगरी रस्त्यावर समोरासमोर आलं तर बसच्या ड्रायव्हरचा इशारा सगळ्यांनी पाळायचा, असा तिथला नियमच आहे.

मला यातली युक्ती फार आवडली. मोटारबंदी केली म्हणून म्हातारी माणसं, लहान मुलं, पाय दुखणारे लोक घरी बसले नाहीत. तीही तितक्याच आरामात खिंडीत पोचतात, बसने. बंदी आणि बस या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या म्हणून ते जमलं. नुसती बंदी घातली असती तर पहिल्याच वर्षी मोर्चा निघाला असता. खिंडीत पोचलो तेव्हा डावीकडे वेटरहॉर्नची सरळसोट भिंत आणि पुढे आयगर. मी गवतात आडवा झालो आणि चिवड्याची पिशवी उघडली. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या आजीबाईंना मूठभर दिला. त्या बसने आल्या होत्या. चिवडा चावून त्या एकच शब्द बोलल्या, "शार्फ!" म्हणजे तिखट. आणि पुन्हा हात पुढे केला.

तिसरा रस्ता क्लॉनटाल तळ्याचा आणि त्यामागच्या प्रागेल खिंडीचा. झुरिकहून ट्रेनने ग्लारुसला उतरायचं आणि चढायला लागायचं. फार चढावं लागत नाही, चारएकशे मीटर. मग एकदम समोर तळं उघडतं, ८४८ मीटरवर. दक्षिणेला ग्लेर्निश डोंगराचा कडा सरळ पाण्यात उतरलेला. दरड कोसळून तयार झालेलं हे नैसर्गिक तळं, पण १९०८ मध्ये वीजनिर्मितीसाठी मातीचं धरण बांधून त्याची पातळी वाढवली. म्हणजे ज्याला आपण ‘निसर्गरम्य’ म्हणून फोटो काढतो त्यातही अर्धी कमाई आपल्याच शाखेची आहे!

तळ्याच्या पश्चिम टोकाला फोराउएन नावाची वस्ती आहे. तिथून पुढे ग्लारुस राज्याच्या हद्दीपर्यंत शनिवार-रविवार मोटारी बंद. सोमवार ते शुक्रवार चालू. फाट्यावरच्या बाकावर एक काका पंक्चर काढत बसले होते. मी विचारलं, कायमची बंदी का नाही? ते म्हणाले, "पाच दिवस त्यांचे, दोन दिवस आपले. भांडण मिटलं." ट्यूबवर पॅच दाबता दाबता त्यांनी अख्खी ट्रॅफिक पॉलिसी एका वाक्यात सांगितली.

खिंड १५५० मीटरच्या आसपास आहे. १७९९ मध्ये रशियन सेनापती सुवोरोव्ह आपलं थकलेलं सैन्य घेऊन हीच खिंड उलट्या बाजूने चढून ग्लारुसकडे आला होता. त्या वाटेवर आता शनिवारी सकाळी शाळकरी मुलं आईबापांच्या पुढे सायकली दामटत होती. हद्द ओलांडून मुओटाथालच्या बाजूला उतरायला लागलं की मात्र मोटारसायकली दिसू लागतात, कारण पलीकडच्या राज्याने तशी बंदी केलेली नाही. डोंगर तोच, रस्ता तोच, हवा तीच. एका पाटीच्या अलीकडे शांतता आणि पलीकडे भुर्रर्र. शांतता निसर्गातून येत असती तर ती राज्याच्या हद्दीवर थांबली नसती. हे मला त्या उतारावर, ब्रेक दाबून दाबून बोटं दुखायला लागली तेव्हा नीट समजलं.

चौथा रस्ता ट्रेमोला. गॉटहार्ड खिंडीवर दक्षिणेकडून चढणारा हा जुना रस्ता. आयरोलो गाव ११७५ मीटरवर, खिंड २१०० मीटरच्या थोडी वर. वर छोटी छोटी तळी आहेत, जुलैतही कडेला बर्फाचे तुकडे. रस्ता एकोणिसाव्या शतकात घोडागाड्यांसाठी बांधला. चोवीस वळणं, एकावर एक घातलेल्या पट्ट्यांसारखी, दगडी भिंतींवर तोललेली आणि वर ग्रॅनाइटचे चिरे बसवलेले. ‘ट्रेमोला’ म्हणजे थरथरणारी. त्या चिऱ्यांवरून सायकल चालवली की नाव कशावरून पडलं असेल अशी शंका उरत नाही!

पण खरी बघायची गोष्ट वेगळीच आहे. या एकाच डोंगराखाली आणि डोंगरावर पिढ्यान् पिढ्यांचे रस्ते एकमेकांशेजारी शिल्लक आहेत. खेचरांची वाट, मग हा घोडागाडीचा रस्ता, मग १८८२ चा पंधरा किलोमीटरचा रेल्वे बोगदा, मोटारींसाठी खिंडीवरचा रुंद नवा रस्ता, १९८० चा जवळजवळ सतरा किलोमीटरचा मोटार बोगदा आणि २०१६ मध्ये सुरू झालेला सत्तावन्न किलोमीटरचा रेल्वे बोगदा. दर वेळी नवीन काही बांधलं, तेव्हा त्यांनी जुनं मोडलं नाही. गाड्या बोगद्यात गेल्या आणि जुना रस्ता आपसूक सायकलवाल्यांकडे आला. ट्रेमोलावर मोटारींना बंदी नाही, पण चिऱ्यांवरून हाडं खिळखिळी करत जायची हौस फार थोड्यांना. सुट्टीच्या दिवसांत खाली बोगद्याच्या तोंडाशी दहा-दहा किलोमीटर गाड्यांची रांग लागते आणि वर तुम्ही एकटे, आपल्या श्वासाचा आवाज ऐकत.

आता कुणी म्हणेल, श्रीमंत देश आहे, त्यांना परवडतं. पैसा लागतोच, मान्य. पण ट्रेमोला शिल्लक ठेवायला, प्रागेलवर पाटी लावायला किंवा शेतरस्ते जोडायला बोगद्याइतका पैसा लागत नाही. लागतो तो निर्णय. आणि तिथले निर्णय लोक स्वतः मत देऊन घेतात. १९९४ मध्ये त्यांनी मतदान करून ठरवलं, की आल्प्समधून आरपार जाणारा माल रस्त्यावरून रेल्वेवर न्यायचा. तेव्हा जेमतेम ५१.९ टक्के लोक बाजूने होते. २३ सप्टेंबर २०१८ ला सायकलमार्गांचा विषय थेट राज्यघटनेत घालायचा का, यावर मतदान झालं. ७३.६ टक्के लोकांनी हो म्हटलं. त्यानुसार केलेला कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. प्रत्येक राज्याने २०२७ अखेरपर्यंत सायकलमार्गांचे आराखडे करायचे आणि २०४२ अखेरपर्यंत ते प्रत्यक्षात आणायचे. त्या कायद्यातलं एक कलम मला पाठ झालंय. सायकलचा रस्ता काही कारणाने काढून टाकावा लागला, तर त्याच्या बदल्यात योग्य दुसरा रस्ता दिला पाहिजे.

हे कलम का पाठ झालं ते सांगतो आणि मग थांबतो.

आमचे आप्पा साखर कारखान्यात फिटर आहेत. घर ते कारखाना नऊ किलोमीटर, गेली सव्वीस वर्षं सायकलने. पूर्वी तो दोन्ही बाजूंनी चिंचेची झाडं असलेला साधा रस्ता होता. मग तो चौपदरी झाला. आता गंमत बघा. आल्प्समध्ये मोठा रस्ता जुन्या रस्त्याच्या शेजारून, वरून किंवा डोंगराच्या पोटातून गेला. आमच्याकडे जुना रस्ताच रुंद करून मोठा केला. जुना रस्ता उरलाच नाही. सर्व्हिस रोड आहे, पण तो मधेच एका पुलापाशी संपतो आणि पुढच्या गावात परत सुरू होतो. मधल्या अडीच किलोमीटरवर सायकलवाल्याने जायचं कुठून, याचं उत्तर ड्रॉइंगमध्ये नाही. ज्यांनी ते ड्रॉइंग काढलं तेही आपल्यासारखे इंजिनिअरच.

गळीत हंगामात रात्रीची पाळी असते तेव्हा त्याच अडीच किलोमीटरवर उसाचे ट्रॅक्टर असतात. एकामागे एक दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, स्पीकरवर गाणी फुल्ल. बाजूने ट्रक ऐंशीच्या स्पीडने. २०२२ च्या हंगामात आप्पांच्या पाळीतले एक काका तिथेच गेले. सायकल रस्त्याच्या कडेला चार दिवस तशीच पडून होती. त्या दिवसापासून आप्पांची पाळी रात्रीची असली की आई सव्वाबाराला कारखान्याच्या गेटवर फोन करते. पोचले म्हणून कळलं की मगच झोपते. मी आप्पांना म्हटलं, मोपेड घेऊ. ते म्हणाले, "अरं, मोपेडला काय ट्रक घाबरतोय व्हय?" ट्रेमोलाबद्दल सांगितलं, फोटो दाखवले. त्यांनी फोटो बराच वेळ बघितले आणि विचारलं, "म्हंजी जुना रस्ता तसाच ठिवला? कुणी अडवलं न्हाई?"

त्या प्रश्नातून आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट निघाला. कारखान्याच्या मागच्या बाजूने कॅनॉल जातो. कॅनॉलच्या भरावावरून पाटकऱ्यांसाठी रस्ता असतो, तुम्ही पाहिला असेल. गाड्या नाहीत, ट्रॅक्टर क्वचित, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस. आम्ही तिघांनी टेप आणि ऑटो लेव्हल घेऊन सात दिवसांत तो सगळा मोजला. हायवेने नऊ किलोमीटर, कॅनॉलने दहा किलोमीटर चारशे मीटर. चढ जवळजवळ नाहीच, कारण कॅनॉलचा उतार तो किती असणार! अडचणी तीन. एका ठिकाणी मोरी खचलीय, पावसाळ्यात तिथून जाता येत नाही. दोन ठिकाणी मिळून सहाशे मीटरवर वेड्या बाभळीने रस्ता गिळलाय, काट्यांनी टायरची चाळण होते. आणि रात्री उजेड नाही, पाण्याच्या बाजूला कठडाही नाही. नवीन रस्ता बांधायचा नाही, जमीन घ्यायची नाही. तळ्यांच्या मार्गासाठी तिकडे केलं तेच, जोडकाम. मोरी, बाभळी, पाण्याच्या बाजूला रिफ्लेक्टर लावलेले खांब, एवढंच. कारखान्याला सायकलवर येणारे आम्ही गेटवर उभं राहून मोजले. तीन पाळ्या मिळून एकशे बेचाळीस माणसं.

एस्टिमेटसह अर्ज संबंधित कार्यालयात दिला आहे. मोरीसाठी मंजुरी लागेल. साहेबांनी अर्ज ठेवून घेतलाय, नाही म्हटलेलं नाही. कॅनॉलच्या कडेच्या बाभळी काढायला मात्र तोंडी परवानगी मिळाली आहे. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत निदान तेवढं तरी व्हावं अशी आमची धडपड आहे. एनएसएसच्या सरांशी बोलणं झालंय, दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार-रविवार ठरलाय. राहायची सोय कारखान्याच्या शाळेत, जेवण आमच्या घरी. आई म्हणते पोळ्या मेससारख्या नसतील.

सध्या बावीस नावं आली आहेत, निदान चाळीस हवीत. स्टाफपैकी कुणी आलं तर फारच चांगलं. नाव नोंदवायचं असेल त्यांनी सी विंगच्या नोटीस बोर्डावर यादी लावली आहे तिथे लिहावं. हातमोजे, जाड तळव्याचे बूट आणि जमलं तर घरचा कोयता घेऊन यावं.